सॉफ्टवेअर घेताय? आधी एक बिल्टी हातात घ्या!

मित्रांनो, सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे 'घट' म्हणजे शॉर्टेज हे मला विसाव्या वर्षी, तेही मामाच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात कळलं! तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला, पण मुद्दा नीट वाचा. कारण आपल्यातले बरेच जण उद्या कुणाला तरी सॉफ्टवेअर विकणार आहेत, नाहीतर कुणासाठी तरी निवडणार आहेत.

मामाच्या सात गाड्या आहेत, सगळ्या एमएच-३४. घुग्घुसकडच्या खाणीतून कोळसा सिमेंट कारखान्यात न्यायचा आणि सीझनमध्ये गडचिरोलीतून बांबू बल्लारपूरला आणायचा, हा धंदा. हिशोब मुन्शीकाकांच्या तीन रजिस्टरांत, आणि उरलेला त्यांच्या डोक्यात. मागच्या उन्हाळ्यात मामा म्हणाला, "तू कॉम्प्युटरवाली आहेस न, मग एखादं सॉफ्टवेअर पाहून दे." मी पाहून दिलं. डेमोत रंगीत ग्राफ होते, मोबाईल अॅप होतं. मी तर एकदम खूश!

पहिल्याच महिन्यात गडबड झाली. खाणीच्या काट्यावर भरलेलं वजन आणि कारखान्याच्या काट्यावर उतरलेलं वजन कधीच तंतोतंत जुळत नाही. कोळशातला ओलावा वाटेत उडतो, थोडा चुरा सांडतो, दोन काट्यांतही फरक असतो. म्हणून मामाच्या करारात १ टक्का घट माफ आहे. मुन्शीकाकांना हे पाठ होतं, पण सॉफ्टवेअरला कुणी सांगितलंच नव्हतं. ते दर खेपेला पूर्ण घट ड्रायव्हरच्या नावावर टाकत गेलं.

एका ड्रायव्हरचा हिशोब बघा. २२ खेपा, एकूण घट २,९०० किलो, किलोला ४ रुपये धरून कपात ११,६०० रुपये. प्रत्यक्षात एकाच खेपेत घट १ टक्क्याच्या वर गेली होती. भरलं २५.३४० टन, उतरलं २४.९८०, म्हणजे घट ३६० किलो. त्यातले २५३.४ माफ, उरले १०६.६ किलो. म्हणजे खरी कपात फक्त ४२६ रुपये! त्या माणसाने विचारलं तर ऑफिसात उत्तर मिळालं, "कॉम्प्युटरने काढलं, आम्ही काय करणार?" तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी चावी टेबलावर ठेवून गेला.

मी रजिस्टर आणि कॉम्प्युटर शेजारी ठेवून जुळवायला बसले, तेव्हा चूक सापडली. सॉफ्टवेअर वाईट नव्हतं, त्यात माफ घटीची सेटिंगसुद्धा होती. निवडताना मी मुन्शीकाकांना एक प्रश्नही विचारला नव्हता, ही खरी चूक.

अशा चुका मोठ्यांच्याही होतात. अमेरिकेतल्या हर्शी या चॉकलेट कंपनीने १९९९ मध्ये नवीन सिस्टिम घाईघाईने, तीही ऐन सीझनच्या तोंडावर सुरू केली. गोदामात माल होता, पण सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी वेळेवर पोचल्या नाहीत. मामाचे ११,६०० काय आणि त्यांचे १० कोटी काय, दुखणं एकाच जातीचं!

मग निवडायचं कसं? मी शिकले ते क्रमाने देते.

१) एक बिल्टी धरून चाला. माल स्वीकारल्याची पावती देणं २००७ च्या रस्ते मालवाहतूक कायद्याने बंधनकारक आहे, म्हणजे बिल्टी सगळीकडे असणारच. ती बनल्यापासून पैसे जमा होईपर्यंत तिच्यामागे फिरा. भरतीचं वजन, डिझेल स्लिप, ड्रायव्हरचा अॅडव्हान्स, उतरलेलं वजन, पोच, बिल. प्रत्येक ठिकाणी कोण लिहितो आणि कुठला नियम लावतो, ते वहीत उतरवा. ही वही तयार होईपर्यंत एकाही कंपनीला डेमोला बोलवू नका.

२) डेमोत आपली सगळ्यात वाईट खेप द्या. सोपी खेप सगळ्यांनाच जमते. समजा, राजुऱ्याहून तेलंगणात जाणारी गाडी वाटेत बंद पडली आणि माल दुसऱ्या गाडीत टाकला. राज्याबाहेर जाणाऱ्या ५० हजारांवरच्या मालाला १ एप्रिल २०१८ पासून ई-वे बिल लागतं. साधारण मालासाठी त्याची मुदत २०० किलोमीटरला एक दिवस. अशा वेळी नवीन गाडीचा नंबर त्यात चढवावा लागतो. हे सॉफ्टवेअरमधून होतं का, की पुन्हा वेगळं पोर्टल उघडून बसायचं?

३) आपल्या भागाचे कागद त्यात बसतात का? बांबूच्या गाडीसोबत वाहतूक परवाना, म्हणजे टीपी लागतो. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावात २७ एप्रिल २०११ ला टीपीचं पुस्तक थेट ग्रामसभेच्या हाती आलं. म्हणजे टीपी देणारं वनखातंच असेल असं नाही. मोठ्या शहरात बनलेल्या सॉफ्टवेअरमध्ये हा रकाना नसेल, तर तो आपल्याला वाढवता आला पाहिजे.

४) नेटवर्क नसताना काय? आलापल्लीच्या पुढे जंगलात मोबाईलची रेंज येते-जाते. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो. नोंद फोनमध्ये राहून रेंज आल्यावर आपोआप वर जाते का, हे फोन फ्लाइट मोडवर टाकून समोरच करून बघा.

५) दर बदलता येतात का? २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहतूकदारांसाठीचा १२ टक्के जीएसटीचा पर्याय १८ टक्के झाला. असा बदल आपल्या आपण करता आला पाहिजे आणि जुनी बिलं जुन्याच दराने राहिली पाहिजेत.

६) कोणी काय बदललं, ते दिसतं का? कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून असंच अकाउंटिंग सॉफ्टवेअर वापरावं लागतं, ज्यात प्रत्येक बदलाची नोंद राहते. मामाची कंपनी तशी नोंदलेली नाही, तरी मी आग्रह धरला. कपात कुणी लावली, हे ड्रायव्हरला दाखवता आलं पाहिजे न!

७) बाहेर पडता येतं का? आपला सगळा डेटा एक्सेलमध्ये काढून मिळतो का, हे पैसे देण्याआधी विचारा. किंमत म्हणजे फक्त खरेदी नव्हे. दरवर्षीचं रिन्यूअल, ट्रेनिंग, दुरुस्ती हेही मोजा. १९८६ पासूनचं टॅली बहुतेक अकाउंटंटना येतं, ही त्याची मोठी सोय. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट ओपन सोर्स आहे. त्याला लायसन्सचे पैसे नाहीत, पण ते सांभाळणारा माणूस लागतो, आणि तो फुकट नसतो.

८) दोन महिने रजिस्टर आणि कॉम्प्युटर सोबत चालवा. दोन्ही हिशोब जुळेपर्यंत पगार रजिस्टरवरूनच द्या.

मामाकडे आता काय आहे? हिशोबाला टॅली, आणि खेपांसाठी तेच सॉफ्टवेअर, फक्त सेटिंग मुन्शीकाकांच्या शेजारी बसून केलेली. त्यांनी दोनशे पानी वहीत नियम लिहून दिले तेव्हा ते एकवीस भरले. "एवढे आहेत हे मलेच माहीत नव्हतं," म्हणाले. आता रोजची एंट्री तेच करतात. चष्मा कपाळावर चढवून, एका बोटाने.

त्या ड्रायव्हरचे जास्तीचे कापलेले ११,१७४ रुपये मामा स्वतः त्याच्या घरी देऊन आला. त्याने पैसे घेतले, चहा पाजला. पण तोवर त्याने दुसऱ्या मालकाची गाडी धरली होती. तो परत आला नाही.

सेमिनारमध्ये आपण 'युजर रिक्वायरमेंट' वर दहा मार्कांचं उत्तर लिहितो. मला त्यात आठ मिळाले होते. पुढच्या वेळी लिहाल तेव्हा त्या चावीची आठवण ठेवा, एवढंच!