दुरून हाकलेली गाडी

अर्थशास्त्राच्या पुस्तकांत ‘आउटसोर्सिंग’ या शब्दाखाली बहुधा पुणे, बंगळूर आणि अमेरिका यांचीच उदाहरणे आढळतात. आपले काम दुसऱ्या संस्थेकडे, तेही सातासमुद्रापलीकडे, ठरलेल्या मोबदल्यावर सोपवावयाचे व दुरून त्यावर देखरेख ठेवावयाची, असा त्याचा साधारण अर्थ. हा प्रकार संगणकाबरोबर जन्मला अशी पुष्कळांची समजूत आहे. मला मात्र ही व्याख्या वाचताना आपल्या जिल्ह्यातील कारंजा (लाड) येथून धावणारी ‘शकुंतला’ आठवली.

मूर्तिजापूर ते यवतमाळ सुमारे ११३ किलोमीटर आणि मूर्तिजापूर ते अचलपूर सुमारे ७६ किलोमीटर, असा हा अडीच फूट रुंदीचा लोहमार्ग. कारण अर्थातच कापूस. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकेतील यादवी युद्धाने लँकेशायरच्या गिरण्यांचे लक्ष वऱ्हाडाकडे वळविले. मुंबई-नागपूर हा मोठा लोहमार्ग मूर्तिजापुरावरून गेला, पण कारंजा, दारव्हा, यवतमाळ बाजूला राहिले आणि तेथील कापूस बैलगाड्यांनीच स्टेशन गाठू लागला. ही उणीव विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळात या शाखेने भरून काढली.

आता तिची व्यवस्था पाहू. मालकी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची. तिचा कारभार मुंबईच्या किलिक निक्सन या १८५७ साली स्थापन झालेल्या इंग्रज पेढीकडे, ‘मॅनेजिंग एजंट’ या नात्याने. आणि प्रत्यक्ष गाड्या चालविणार ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे जी.आय.पी., जिचे संचालक मंडळ लंडनला बसे! कारंज्याच्या फलाटावर शिट्टी वाजविणारा गार्ड एका कंपनीचा नोकर, त्याच्या चाकांखालचे रूळ दुसऱ्या कंपनीचे, आणि त्या दुसऱ्या कंपनीचा हिशेब ठेवणारी पेढी तिसरीच.

या व्यवस्थेला सरसकट नावे ठेवणे मला बरोबर वाटत नाही. लहान कंपनीने स्वतःचा कारखाना, स्वतःचे ड्रायव्हर, स्वतःचे तिकीट-हिशेब उभे करावयाचे म्हटले असते तर तिचे भांडवल तेथेच संपले असते. मोठ्या रेल्वेजवळ हे सारे तयारच होते. किलिक निक्सनने ताप्ती व्हॅली रेल्वेच्या बाबतीतही हीच रीत ठेवली. तेथे गाड्या बी.बी.सी.आय. रेल्वे चालवी. काम सोपवले म्हणूनच कारंज्याला रेल्वे आली, हे मान्य केले पाहिजे.

घोटाळा आहे तो मोबदल्याच्या रीतीत. शाखा-रेल्वेंच्या करारांत सामान्यतः चालविणाऱ्या कंपनीला एकूण उत्पन्नाचा ठराविक हिस्सा मिळे. कापसाचा हंगाम जोरात असेतो सर्व ठीक. परंतु स्लीपर कुजले, पूल जुने झाले, म्हणजे खर्च कोणी करावयाचा? चालविणारा म्हणणार, रूळ माझे नव्हेत. मालक म्हणणार, त्यावरून धावून झिजविले तुम्ही. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खोटे नाही, आणि म्हणूनच दुरुस्ती पुढे पुढे ढकलली जाते. रोज रूळ पाहणाऱ्या गँगमनला तो कुठे खचला हे ठाऊक असते. पण पैसा मंजूर करणे त्याच्या हाती नसते.

आणखी एक गोष्ट मला विशेष वाटते. १९२५ साली जी.आय.पी.चा कारभार सरकारने आपल्या हाती घेतला. १९५१ साली तिची मध्य रेल्वे झाली. मॅनेजिंग एजन्सीची पद्धतच १९७० साली कायद्याने बंद झाली. म्हणजे चालविणारा दोनदा बदलला, व्यवस्थापनाची रीत गेली, देशातील मोठ्या रेल्वे राष्ट्राच्या झाल्या, आणि शकुंतलेची मालकी मात्र त्यानंतरही कित्येक दशके कंपनीकडेच राहिली. १९२१ साली मँचेस्टरला बांधलेले वाफेचे इंजिन या मार्गावर १९९४ पर्यंत राबले. शेवटच्या काळात तर गाडीबरोबरची माणसेच तिकिटे देत, सिग्नल पाहत, डबे जोडत. ती गाडी इतकी वर्षे तगली ती करारामुळे नव्हे, या माणसांमुळे, असे माझे मत आहे. आज गाडी बंद आहे. तिच्या स्वस्त तिकिटावर बाजारहाट करणाऱ्या गोरगरिबांना आता एस.टी.चे भाडे मोजावे लागते. ब्रॉडगेजची मागणी जुनीच आहे.

माझा आतेभाऊ पुण्यात एका अमेरिकन कंपनीचे काम करतो. म्हणजे नोकरी पुण्यातल्या कंपनीची आणि काम त्यांचे. तिकडे सकाळ होते तेव्हा याची रात्र, आणि त्याच वेळी त्यांची बैठक. त्यांच्याकडे आलेल्या तक्रारीलाही ‘तिकीट’च म्हणतात, हे ऐकून मला गंमत वाटली. दिवसात किती तिकिटे निकालात निघाली यावर त्यांच्या गटाचे मोल ठरते. मूळची प्रणाली पंधरा वर्षांची जुनी आहे, तीच तीच तक्रार पुन्हा येते, पण मुळापासून दुरुस्तीचे कोष्टकात खातेच नाही. मी त्याला विचारले, “तो खर्च कोणाकडे, हे करारात लिहिले आहे का?”

“ते कलम तिकडचे लोक बघतात,” तो म्हणाला. “आम्हाला करार कधी दाखवला नाही.”