दगडांच्या पॉलिशसाठी व्हायब्रेटर: भराव कोणता निवडावा?

अकीक, सुलेमानी, यमनी यांच्या अंगठ्या व तसबीहचे मणी यांना आपल्याकडे बारमाही गिऱ्हाईक असते. या धंद्यात नवीन उतरणारे अनेक कारागीर बंधू यंत्र व पूड चांगल्या प्रतीची घेतात, पण भांड्यात दगडांसोबत टाकावयाच्या भरावाकडे लक्ष देत नाहीत. परिणामी आठ दिवसांची वीज व मेहनत खर्चूनही माल ओरखडलेला किंवा कडा उडालेला निघतो. असा माल पुन्हा पहिल्या पुडीपासून घासावा लागतो आणि नफा तेथेच संपतो. म्हणून या पाठात भरावाचा विचार करू.

भराव कशासाठी?

ही गोष्ट नवी नाही. खंबायतचे जुने कारागीर मणी कातडी पिशवीत भरून त्यात कुरुंद, अकिकाची बारीक पूड आणि पाणी घालीत. दोन माणसे समोरासमोर बसून ती पिशवी दहा ते पंधरा दिवस इकडून तिकडे लोळवीत असत. आज हेच काम मोटर करते. व्हायब्रेटरचे भांडे मिनिटाला सुमारे तीन हजार वेळा थरथरते. या थरथरीमुळे माल गोल फिरत वरखाली होतो.

भराव येथे तीन कामे करतो. मोठ्या दगडांची एकमेकांवर होणारी टक्कर सौम्य करतो, पूड खोलगट जागी पोहोचवितो आणि भांडे पुरेसे भरलेले ठेवतो. भांडे अर्धे रिकामे असेल तर माल नीट फिरत नाही, नुसता आपटतो.

भरावाचे प्रकार

१) सिरॅमिकचे तुकडे: व्हायब्रेटरसाठी हा सर्वांत भरवशाचा भराव आहे. तो जड असल्यामुळे दगडांबरोबर फिरतो आणि धुऊन पुन्हा पुन्हा वापरता येतो. ३ मि.मी. पासून १० मि.मी. पर्यंतचे लहान-मोठे तुकडे मिसळून घ्यावेत. नव्या तुकड्यांच्या कडा धारदार असतात, म्हणून ते आधी जाड पुडीबरोबर फिरवून बोथट करावेत. खरेदी करताना एक सावधगिरी बाळगावी. लोखंडी सुट्या भागांची बर काढण्यासाठी मिळणाऱ्या सिरॅमिकमध्ये घासणारी पूड मिसळलेली असते. ते पॉलिशच्या फेरीत टाकल्यास चमक येणार नाही. दुकानदाराला ‘न घासणारे, पॉलिशचे’ असे स्पष्ट सांगून मागावे.

२) अकिकाचीच चुरी: भांडवल कमी असेल तर हा उत्तम मार्ग होय. मणी घडविताना निघालेले लहान तुकडे फेकू नयेत. अकिकाचा कठीणपणा साडेसहा ते सात असतो, त्यामुळे अकिकाला अकिकाचा भराव जुळतो. मात्र ताजी, टोकदार चुरी थेट शेवटच्या फेरीत टाकू नये. ती दगडांसोबत पहिल्या जाड फेरीपासूनच चालवावी, म्हणजे पुढे तीही गुळगुळीत होते.

३) प्लास्टिकचे दाणे: हे धक्का सोसतात, पण घासत नाहीत. हलके असल्यामुळे पाणी थोडे जास्त झाले तरी वर येतात. पूड त्यांच्यात रुतून बसते व धुतली तरी पूर्ण निघत नाही. म्हणून प्रत्येक पुडीचे दाणे वेगळ्या पिशवीत, वर क्रमांक लिहून ठेवावेत.

४) अक्रोडाच्या कवचाचा भुसा: हा शेवटच्या कोरड्या पॉलिशसाठी, विशेषतः नाजूक दगडांसाठी उपयोगी पडतो. घासण्याच्या फेऱ्यांत याचा उपयोग नाही.

बांधकामाची वाळू किंवा काळ्या दगडाची खडी फुकट मिळते म्हणून वापरू नये. तिचे कण सुटून चिखल होतो आणि एखादा कण पॉलिशच्या फेरीत शिरला तर सर्व मालावर रेघा पडतात.

प्रमाण

समजा, भांड्यात दहा मापे माल मावतो. त्यात नऊ मापांपर्यंत भरावे: सहा मापे दगड आणि तीन मापे भराव. मूनस्टोनसारखा पापुद्र्यात फुटणारा दगड असेल तर दगड व भराव निम्मे निम्मे घ्यावेत. कठीण व मऊ दगड एकत्र चालवू नयेत. फ्लोराइटचा कठीणपणा केवळ चार आहे, अकिकाबरोबर तो टिकणार नाही. भोक पाडलेले मणी असतील तर भोकात अडकेल अशा आकाराचा भराव टाळावा.

पाणी फक्त माल ओला राहील इतकेच असावे. जास्त पाण्याने पूड तळाशी बसते, कमी पाण्याने रबडी घट्ट होऊन माल थांबतो. खडखड आवाज आला तर भराव कमी आहे असे समजावे. माल मंदपणे उलटत फिरत असेल तर प्रमाण बरोबर आहे.

दोन फेऱ्यांमध्ये

२२०, ५००, १००० आणि मग पॉलिशची पूड, असा क्रम ठेवावा. प्रत्येक फेरीनंतर दगड, भराव, भांडे व झाकण स्वच्छ धुवावे. जाड पुडीचा एक कण पुढची सारी मेहनत वाया घालवितो. शक्य असल्यास पॉलिशचा भराव कायमचा वेगळाच ठेवावा. धुतलेली रबडी मोरीत ओतू नये, ती नळीत घट्ट बसते.

आरोग्याकडेही लक्ष द्यावे. अकिकाची कोरडी धूळ फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस होतो आणि खंबायतच्या कारागिरांनी त्याची मोठी किंमत मोजली आहे. म्हणून घासणे ओलेच करावे, वाळलेली रबडी झाडूने झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

शेवटी, माल तपासताना तो पूर्ण कोरडा करून उन्हात पाहावा. ओला किंवा तेल लावलेला दगड नेहमीच चमकदार दिसतो. कोरड्या दगडात खिडकीचे स्पष्ट प्रतिबिंब दिसले, तरच तो गिऱ्हाइकासमोर ठेवावा. खोटी चमक दोन दिवसांत उतरते आणि तिच्याबरोबर दुकानाचे नावही जाते.