पॅशन फ्रूट: भाव किलोचा, हिशेब रसाचा

पॅशन फ्रूटचा किलोचा भाव ऐकून लगेच पिशवी पुढे करू नका. या फळात जाड सालच फार असते. जांभळ्या जातीत रस निघतो वजनाच्या साधारण एक तृतीयांश. म्हणजे भाव ३०० रुपये धरला, तर किलोभर रस पडला सुमारे ९०० रुपयांना. भारी सरबत झालं हे!

ढिगातून सुरकुतलेली फळं वेचा. फळ सुकतं तेव्हा पाणी उडतं ते मुख्यतः सालीतलं. वजन घटतं, गर जवळपास तेवढाच राहतो. म्हणजे त्याच पैशात रस जास्त. फळ आकाराच्या मानाने जड लागावं आणि देठाशी बुरशी नसावी, एवढं पाहिलं की पुरे.

जांभळं फळ ३५ ते ४५ ग्रॅमचं, वासाला आणि गोडीला सरस. चमच्याने खायचं असेल तर हेच घ्या. पिवळं त्याहून मोठं, पण आंबट, त्यामुळे साखरेचा खर्चही धरा. या दोघांचा संकर ‘कावेरी’, कोडगूतल्या चेट्टळ्ळी केंद्रात तयार झालेला. त्याचं फळ ८५ ते ११० ग्रॅम भरतं.

वेल लावायची असेल तर हवामान आधी पाहा. जांभळी थंड डोंगराळ भागात रमते. कोकणासारख्या उष्ण, सखल भागाला पिवळी बरी. ‘या जातीचं प्रकाशसंश्लेषण जास्त, म्हणून फळ गोड’ असं सांगून कोणी रोपाचे जादा पैसे मागितले, तर देऊ नका. ते मोजमाप बहुधा भर उन्हातल्या एकेका पानाचं असतं. मांडवावर निम्मी पानं एकमेकांच्या सावलीत जातात. शिवाय पानाने केलेली साखर फळालाच मिळते असं नाही. वेल माजली की ती साखर नव्या फुटव्यांतच खर्ची पडते. म्हणून पैसे घाला ते मजबूत खांब-तारांवर आणि वेळेवरच्या छाटणीवर. खरा खर्च मांडवाचाच आहे, रोप त्यापुढे किरकोळ. तोही एका हंगामावर टाकू नका: वेल चार-पाच वर्षांत थकते, पण चांगला मांडव दुसऱ्या वेलीलाही चालतो.

पिवळ्या जातीत आणखी एक खर्च लपलेला असतो. तिचं फूल स्वतःच्या परागाने सहसा फळ धरत नाही. तेव्हा रोपं किमान दोन घ्यावी लागतात, आणि तीही वेगवेगळ्या बियांची. एकाच वेलीच्या दोन कलमा लावल्यात तर पैसे पाण्यात. ही फुलं दुपारी उमलतात. परागीकरण करतो तो मोठा काळा भुंगा. गच्चीवर तो फिरकत नसेल, तर दुपारीच मऊ कुंचल्याने एका वेलीचा पराग दुसरीच्या फुलाला लावा. जांभळीला ही खटपट सहसा लागत नाही. एका रोपात भागतं.