एक जोडणी, अनेक संगणक

रायपूरच्या तात्यापारा भागात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मराठी कुटुंबे आहेत. अशाच एका घराची कल्पना करा. वडिलांना दुकानाचा जमाखर्च पाठवायचा आहे, आजीला पुण्यातील बहिणीशी बोलायचे आहे आणि थोरल्या मुलीला मुक्त विद्यालयाच्या परीक्षेचा अर्ज भरायचा आहे. घरात संगणक दोन, लॅपटॉप एक आणि मोबाईल फोन तीन. इंटरनेटची तार मात्र एकच. ही एक तार सहा यंत्रांना कशी पुरते आणि ती वाटून घेताना आपण तिच्यासोबत आणखी काय वाटून घेतो, हे या पाठात समजून घेऊ.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सुरू केली. त्या काळी दूरध्वनीच्या तारेवरूनच संगणक जोडावा लागे. इंटरनेट चालू असेपर्यंत फोन बंद राही. वाटून घेण्याचा प्रश्नच नव्हता. घरात संगणक असणे हीच अपूर्वाई होती.

पुढे २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात सेकंदाला किमान २५६ किलोबिट हा वेग ठरवण्यात आला. आठ बिट मिळून एक बाइट होतो. म्हणजे सेकंदाला ३२ किलोबाइट. चार मेगाबाइटचे एक गाणे उतरवून घ्यायला या वेगाने दोन मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागे. त्याच वेळी घरातील दुसऱ्याने तेवढेच काही उतरवायला घेतले, की दोघांनाही दुप्पट. एका टाकीवरचे दोन नळ एकदम सोडले की धार बारीक होते, तसेच हे. आज वेग कितीतरी पटींनी वाढला असला, तरी वाटणीचा हा हिशोब बदललेला नाही.

आरंभी एका संगणकाला जोडणी देऊन इतरांनी त्याच्यामार्फत इंटरनेट वापरावे, अशी सोय होती. १९९९ च्या विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत ती आली. अडचण एकच : तो मधला संगणक कोणी बंद केला, की साऱ्या घराचे इंटरनेट बंद! म्हणून हे काम राउटर या लहानशा पेटीकडे गेले.

राउटर काय करतो?

जुन्या वाड्याचे उदाहरण घेऊ. वाड्यात दहा बिऱ्हाडे, पण टपालासाठी पत्ता एकच. देवडीवर एक कारकून बसतो. कोणत्या खोलीतून कोणते पत्र गेले, हे तो वहीत टिपतो आणि उत्तर आले की त्या खोलीत पोचवतो. बाहेरच्या जगाला खोल्यांचे क्रमांक ठाऊकच नसतात.

राउटर हा असा कारकून आहे. घरातील प्रत्येक यंत्राला तो १९२.१६८.१.२, १९२.१६८.१.३ असे आतले क्रमांक देतो. हेच क्रमांक नागपुरातील घरातही असू शकतात. बाहेर मात्र सारे घर एकाच आय. पी. पत्त्याने ओळखले जाते. जुन्या पद्धतीत असे पत्ते जगभरात मिळून सुमारे ४२९ कोटीच होऊ शकत. ते अपुरे पडणार हे ध्यानी आल्यामुळे १९९४ मध्ये पत्ते बदलण्याची ही युक्ती मांडण्यात आली. आता नव्या पद्धतीत प्रत्येक यंत्राला स्वतंत्र पत्ता मिळू शकतो. तरी त्या पत्त्याचा आरंभीचा भाग एका घरात समान असतो, आणि तो ज्या ग्राहकाला दिला त्याचे नाव कंपनीकडे असते.

येथेच या पाठातील गंभीर भाग सुरू होतो. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्याआधी काही मिनिटे वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल आला होता. त्याचा माग काढत पोलीस नवी मुंबईत सानपाडा येथील एका सदनिकेत पोचले. तेथील वाय-फायला परवलीचा शब्द, म्हणजे पासवर्ड, नव्हता. बाहेरच्या कोणीतरी त्या उघड्या जोडणीत शिरून ई-मेल पाठवला होता. तेथे राहणाऱ्याचा त्याच्याशी संबंध नव्हता. तरी चौकशी त्याची झाली आणि संगणकही त्याचेच तपासले गेले. माग देवडीपर्यंतच लागतो. घरगुती राउटरची वही बहुधा तात्पुरती असते. काम संपले की थोड्या वेळाने नोंद पुसली जाते. पुढे फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांना सुरक्षित वाय-फायबाबत सूचना दिल्या.

तेव्हा वाय-फायला लांब पासवर्ड असावा आणि त्याचे संरक्षण ‘डब्ल्यू.पी.ए. २’ किंवा ‘डब्ल्यू.पी.ए. ३’ प्रकारचे असावे. ‘डब्ल्यू.ई.पी.’ हे जुने संरक्षण भेदता येते, हे २००१ मध्येच दिसून आले आहे. राउटरची रचना बदलण्यासाठीचा पासवर्ड वेगळा असतो. तो पेटीसोबत आला तसाच ठेवण्याची सवय आपल्याकडे फार आहे, ती मोडावी.

राहता राहिला शेजारधर्म. शेजारी वाटीभर साखर मागायला आला, तर ती कशात घालणार असे आपण विचारत नाही; विचारूही नये. वाय-फायचा पासवर्ड मात्र साखरेसारखा नाही. तो एकदा दिला की शेजाऱ्याच्या पाहुण्यांपर्यंतही जातो, आणि त्यांनी केलेल्या कामावर पत्ता आपल्या घराचा पडतो. काही राउटरवर पाहुण्यांसाठी वेगळे वाय-फाय ठेवता येते. त्यामुळे आपल्या यंत्रांतील कागदपत्रे सुरक्षित राहतात. बाहेरचा पत्ता मात्र तोच राहतो.

पाठगत प्रश्न

१. वाड्याच्या उदाहरणातील कारकुनाची वही राउटरच्या कोणत्या कामाशी जुळते?

२. सेकंदाला २५६ किलोबिट वेगाची जोडणी चार जण एकाच वेळी सारखीच वापरत असतील, तर प्रत्येकाला सेकंदाला किती किलोबाइट मिळतील?

३. सानपाड्यातील तपास त्या घरापर्यंतच का पोचला? तीन-चार वाक्यांत लिहा.

४. आपल्या किंवा ओळखीच्या घरातील वाय-फायला कोणकोणती यंत्रे जोडलेली आहेत, त्यांची यादी करा. कोणते यंत्र कोणाचे, ते समोर लिहा. एखादे अनोळखी आढळले, तर काय कराल?