चेन्नई गणित संस्थेची प्रवेश परीक्षा : उत्तराकडून सिद्धतेकडे

बारावीनंतर गणिताची वाट म्हणजे अभियांत्रिकी, असे समीकरण आपल्याकडे रूढ आहे. ज्यांना गणित हाच विषय पुढे शिकायचा आहे, त्यांच्यासाठी चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट हा एक महत्त्वाचा पर्याय आहे. ख्यातनाम गणितज्ञ सी. एस. शेषाद्री यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये ही संस्था सुरू झाली. १९९८ पासून तेथे पदवी शिक्षण दिले जाते. चेन्नईजवळील सिरुसेरी येथे तिचे संकुल असून पदवी अभ्यासक्रमासाठी स्वतंत्र प्रवेश परीक्षा घेतली जाते.

परीक्षेचे वेगळेपण

प्रश्नपत्रिकेचे साधारणतः दोन भाग असतात. पहिल्या भागात केवळ उत्तरे अपेक्षित असतात, तर दुसऱ्या भागात प्रत्येक पायरी कारणासह लिहावी लागते. आधार उच्च माध्यमिक गणिताचाच असतो : बीजगणित, भूमिती, त्रिकोणमिती, कलन आणि क्रमपर्याय-संयोग. मात्र चार पर्यायांतून एक निवडण्याची सवय झालेले हुशार विद्यार्थीही दुसऱ्या भागात अडखळतात. त्यांना उत्तर दिसते, पण ते सिद्ध करता येत नाही.

एक उदाहरण

प ही ३ पेक्षा मोठी मूळ संख्या असल्यास प² − १ ला २४ ने नि:शेष भाग जातो, हे सिद्ध करा. अनेक विद्यार्थी ५, ७, ११, १३ घेऊन २४, ४८, १२०, १६८ ही उत्तरे काढतात आणि थांबतात. ही पडताळणी झाली, सिद्धता नव्हे. क्ष² + क्ष + ४१ या राशीत क्ष च्या जागी ० ते ३९ पर्यंतची कोणतीही पूर्ण संख्या घातली, तरी मूळ संख्याच मिळते. ४० घालताच १६८१, म्हणजे ४१ × ४१ मिळते. चाळीस उदाहरणे जुळूनही नियम खोटा ठरला!

योग्य मांडणी अशी : प² − १ = (प − १)(प + १). प विषम असल्याने हे दोन्ही अवयव क्रमवार सम संख्या आहेत. त्यांपैकी एकीला ४ ने भाग जातो, म्हणून गुणाकाराला ८ ने भाग जातो. प − १, प, प + १ या तीन क्रमवार संख्यांपैकी एकीला ३ ने भाग जातोच. ती प नव्हे, कारण प ही ३ पेक्षा मोठी मूळ संख्या आहे. म्हणून गुणाकाराला ३ नेही भाग जातो. ८ आणि ३ सहमूळ आहेत, म्हणून २४ ने भाग जातो.

शेवटचे वाक्य अनेकजण गाळतात. १२ ला ४ आणि ६ या दोहोंनी भाग जातो, परंतु २४ ने जात नाही, हे लक्षात घेतल्यास त्या वाक्याचे मोल कळेल. व्यत्यासही तपासावा : २५² − १ = ६२४ ला २४ ने भाग जातो, पण २५ मूळ संख्या नाही.

तयारी कशी करावी?

मागील प्रश्नपत्रिका संस्थेच्या संकेतस्थळावर उपलब्ध आहेत. त्यातील एक प्रश्न घेऊन किमान तासभर स्वतः झगडावे; उत्तर लगेच पाहू नये. लिहिलेली सिद्धता दुसऱ्या दिवशी परक्याच्या नजरेने वाचावी आणि प्रत्येक 'म्हणून' पुढे 'का?' असे विचारावे. पूर्ण सुटले नाही, तरी जेथवर पोहोचलो तेथवर नीट लिहावे.

याच चेन्नईत, तेव्हाच्या मद्रासमध्ये, श्रीनिवास रामानुजन यांनी १९१२ मध्ये पोर्ट ट्रस्टमध्ये कारकुनी पत्करली. इतर विषयांकडे दुर्लक्ष झाल्याने महाविद्यालयीन परीक्षेत ते अनुत्तीर्ण झाले होते. त्यांची प्रतिभा असामान्य होती. तरीही १९१४ मध्ये केंब्रिजला गेल्यावर त्यांच्या निष्कर्षांनाही सिद्धतेची जोड द्यावी लागली. आपल्यासाठी यातून दोन बोध आहेत : बारावीच्या इतर विषयांची उपेक्षा करू नये आणि सुचलेले उत्तर सिद्ध केल्याशिवाय पेन खाली ठेवू नये. त्यासाठी महागडी शिकवणी अनिवार्य नाही. एक वही, चिकाटी आणि चूक दाखवून देणारा शिक्षक वा मित्र असला, तर लहान गावातही ही तयारी सुरू करता येते.