जाळीतला दगड : माती आणि वस्ती सावरणारी गॅबियन भिंत

डोंगरउतारावर आणि नाल्याकाठी ज्या वस्त्या वसल्या, त्यांत बहुतांशी कष्टकरी माणसेच राहतात. सपाट, सुरक्षित जागा त्यांच्या वाट्याला आली नाही. अशा वस्तीचा जीव एका भिंतीवर अवलंबून असतो. २०१९ साली १ व २ जुलैच्या मधल्या रात्री मुंबईत मालाडच्या पिंपरीपाडा येथे संरक्षक भिंत कोसळली आणि तीसच्या आसपास माणसे प्राणास मुकली. मुसळधार पावसाचे पाणी भिंतीमागे साचले होते. म्हणून भिंत कशी टिकते आणि का पडते, हे आपण समजून घेतले पाहिजे. आम्ही कला शाखेचे पदवीधर, नोकरी बँकेतली. स्थापत्यशास्त्र आमचा विषय नव्हे. तरीही वाचून आणि जाणकारांना विचारून जे उमगले, ते विद्यार्थी मित्रांसाठी येथे मांडत आहोत.

भिंत का पडते?

कोरडी माती भिंतीला ढकलते, परंतु मातीत मुरलेले पाणी तिला त्याहून जोराने ढकलते. सिमेंटच्या भिंतीत पाणी बाहेर जाण्यासाठी भोके ठेवतात. ती कमी पडली किंवा गाळाने बुजली की मागे पाणी चढत जाते. पाण्याची उंची दुप्पट झाली तर त्याचा एकूण रेटा चौपट होतो. भिंत वरून धडधाकट दिसते आणि एका रात्रीत आडवी होते.

गॅबियन म्हणजे काय?

तारेच्या जाळीची पेटी करून तीत दगड भरायचे, अशा पेट्या एकमेकींना तारेने शिवून थरावर थर चढवायचे, हीच गॅबियन भिंत. दगडांमध्ये सुमारे एक तृतीयांश पोकळी राहते. त्यातून पाणी झिरपून जाते, त्यामुळे मागे दाब साचत नाही. भिंत उभी राहते ती केवळ स्वतःच्या वजनावर. जमीन थोडी खचली तर ती वाकते, पण तडकत नाही.

ही युक्ती जुनी आहे. चीनमध्ये मिन नदीवर इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात तुजियांगयेन येथे बंधाऱ्याचे काम झाले, तेव्हा बांबूच्या लांब टोपल्यांत दगड भरून वापरले होते. 'गॅबियन' हा शब्द मूळ इटालियन असून त्याचा अर्थ मोठा पिंजरा. युरोपात लढाईच्या वेळी वेताच्या टोपल्यांत माती भरून आडोसा करीत. तारेच्या जाळीच्या पेट्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इटलीत बोलोन्याजवळ रेनो नदीवर वापरात आल्या. आपल्या महाराष्ट्रात पाणलोट विकासाच्या कामांत ओढ्यांवर गॅबियन बंधारे बांधले जातात. पाण्याचा वेग मंदावतो, गाळ अडतो आणि पाणी जमिनीत मुरते.

भिंत बांधताना

१) पाया : भुसभुशीत माती काढून कठीण मुरमापर्यंत खणावे.

२) जाळी : जस्ताचा मुलामा दिलेल्या तारेची, दुहेरी पिळाची, षट्कोनी घरांची जाळी घ्यावी. तिची एक तार तुटली तरी वीण उसवत नाही. कुंपणाची साधी जाळी येथे चालत नाही. समुद्राकाठी किंवा सांडपाण्याच्या नाल्यात प्लास्टिकचे आवरण असलेली तार लागते, कारण जस्त लवकर झिजते.

३) दगड : काळा, कठीण, न झिजणारा. आकार जाळीच्या घरापेक्षा मोठा, साधारण १० ते २० सेंटिमीटर. दर्शनी बाजूचे दगड हाताने रचावेत; मधे माती किंवा मुरूम भरू नये.

४) ताण : एक मीटर उंच पेटीत एक तृतीयांश आणि दोन तृतीयांश उंचीवर आडव्या तारा बांधाव्यात, म्हणजे पेटीचे पोट फुगत नाही.

५) पाठ : भिंत आणि माती यांच्यामध्ये गाळणीचे कापड, म्हणजे जिओटेक्स्टाइल, घालावे. ते नसेल तर पाण्याबरोबर बारीक मातीही वाहून जाते आणि मागे पोकळी पडते.

हिशेब

३ मीटर उंच व १० मीटर लांब भिंत धरू या. रुंदी तळाशी २, मधे १.५ आणि वर १ मीटर. प्रत्येक थर १ मीटर उंचीचा. तिन्ही थरांची बेरीज ४.५, गुणिले लांबी १०, म्हणजे ४५ घनमीटर. एक ब्रास म्हणजे २.८३ घनमीटर; तेव्हा सुमारे १६ ब्रास दगड लागेल. काळ्या दगडाच्या अशा भिंतीचे वजन पोकळी वजा जाता सुमारे ८० टन भरते. हा हिशेब केवळ अंदाजपत्रक वाचता यावे म्हणून दिला आहे. प्रत्यक्ष रुंदी माती, उतार आणि वरचा भार पाहून अभियंत्यानेच ठरवावी.

मर्यादा

गॅबियन म्हणजे सर्व संकटांवरील उपाय नव्हे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. अख्खा कडा सुटतो तेव्हा पायथ्याची भिंत त्याला थोपवू शकत नाही. तेथे वेळीच स्थलांतर हाच उपाय. तसेच 'भिंत चांगली दिसावी' म्हणून गॅबियनवर सिमेंटचा गिलावा करणे म्हणजे तिचे नाक दाबणे होय. तारा कापून भंगारात विकणे म्हणजे शेजाऱ्याच्या जिवाशी खेळणे.

समाजबांधवांना आमची विनंती एवढीच, की पावसाळ्यापूर्वी आपल्या वस्तीतील भिंत स्वतः पाहावी. भोकांतून पाणी येते काय? भिंतीचे पोट पुढे आले आहे काय? नवी भेग पडली आहे काय? जाळीची तार गंजली आहे काय? शंका आल्यास वहीत तारीख घालून नोंद करावी, दहा-वीस सह्यांचा लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. ही तपासणी व लिखापढी शिकलेल्या मुलामुलींनी अंगावर घ्यावी. शिक्षणाचा उपयोग नोकरीपुरता नाही. आपल्या माणसांवर भिंत कोसळू नये, यासाठीही तो आहे.