यकृतकृमींचे शाश्वत नियंत्रण : औषधाइतकेच पाणवठ्याकडेही लक्ष आवश्यक

पावसाळा ओसरल्यानंतर तळी, कालवे व भातखाचरांच्या कडेला हिरवा चारा टिकून राहतो. याच चाऱ्यावर यकृतकृमीची संसर्गक्षम अवस्था चिकटलेली असते. भारताच्या सखल प्रदेशांत प्रामुख्याने फॅसिओला जायगँटिका ही प्रजाती आढळते. दूध घटणे, खंगत जाणे, रक्तक्षय आणि जबड्याखाली पाणी साचून येणारी सूज ही बाधेची लक्षणे होत. शेळ्या-मेंढ्या मात्र काही वेळा ठळक लक्षणे दिसण्यापूर्वीच दगावतात.

जीवनचक्र

शेणातून पडलेली अंडी पाण्यात उबतात. त्यांतून निघणाऱ्या अळीला सुमारे एका दिवसात लिम्निया गटातील गोगलगाय न मिळाल्यास ती मरते. गोगलगायीच्या शरीरात अळ्यांची संख्या अनेक पटींनी वाढते. बाहेर पडलेल्या अळ्या पाण्यालगतच्या चाऱ्यावर कवच धारण करतात. तो चारा खाल्ल्यावर कृमी प्रौढ होण्यास तीन ते चार महिने लागतात.

औषधाची वेळ

या काळात शेणात अंडी आढळत नाहीत. त्यामुळे अंडी न सापडणे म्हणजे बाधा नसणे नव्हे. ऑक्सिक्लोझानाईड मुख्यतः प्रौढ कृमींवर, तर ट्रायक्लाबेन्डाझोल कोवळ्या कृमींवरही परिणामकारक आहे. संसर्ग ताजा असताना केवळ प्रौढनाशक औषध दिल्यास खर्च होतो, कृमी मात्र उरतात. एकच औषध वारंवार देणेही घातक ठरते. ट्रायक्लाबेन्डाझोलला दाद न देणाऱ्या फॅसिओला हेपॅटिका या जवळच्या प्रजातीची नोंद ऑस्ट्रेलियात १९९५ मध्येच झाली आहे.

एकात्मिक उपाय

१. ताजे शेण पाण्यात वा खाचरात टाकू नये. खड्ड्यात कुजवावे किंवा बायोगॅससाठी वापरावे.

२. जनावरांना हौदात पाणी पाजावे. तळ्याच्या ओलसर काठावर चराई टाळावी.

३. भाताच्या बुंध्याकडील भागात धोका अधिक असतो. पेंढा कडक उन्हात पूर्ण वाळवूनच घालावा.

४. गोगलगायी खाणारी बदके पाळावीत. मोरचूद माशांना मारक असल्याने तळ्यात टाकू नये.

५. औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्याने, वजनानुसार द्यावे व दूध वर्ज्य ठेवण्याचा कालावधी पाळावा. दोन ते तीन आठवड्यांनी अवसादन पद्धतीने शेण पुन्हा तपासावे.

पाणवठा सामाईक असल्यास एकाच गोठ्यातील उपचार अपुरे ठरतात. त्यामुळे विस्तार कार्यकर्त्यांनी गावातील सर्व पशुपालकांचे नियोजन एकत्रितपणे करावे.